एकशे दहा लग्नं

येमूलच्या पत्र्याखाली, सोलापूरच्या मेमध्ये,
पंखा मुद्दाम बंद.
वाऱ्याने भुसा उडतो, ओल्या लाखेवर बसतो.
त्याने माझ्या मांडीवर एक बेस ठेवला,
दिल्लीच्या कुणा पोराचा, उद्या पार्सल होणारा,
म्हणाला, "वाजवू नका. आधी नुसता धरा."

धरला.
बावीस वर्षं माझ्या खांद्याला
कारखान्यातला एक ओंडका लटकतोय.
त्याची मान खाली जाते, मी हाताने उचलतो,
वाजवणं थोडं, सावरणंच जास्त.
हा गेला नाही खाली.
जेवून झोपलेल्या पोरासारखा पट्ट्यात राहिला.
मानेमागून अंगठा फिरवला, सांधा कुठे ते कळेना.
मग त्याने वायर जोडली, मी जाड तार एकदाच सोडली
आणि डब्यातले स्क्रू
किंचित सरकून बसले.

"किती?"
"एक पासष्ट."
लाख हा शब्द तो गिळतो. आमच्यात सगळेच गिळतात.

मला लग्नामागे दीड हजार मिळतात, जेवण वेगळं.
म्हणजे एकशे दहा लग्नं.
एकशे दहा नवरदेव घोड्यावरून उतरणार,
एकशे दहा मामा स्टेजवर चढून माईक मागणार,
आणि एकही जण येऊन म्हणणार नाही
की दादा, आज बेस छान लागला.
बेस असतो तेव्हा कुणाला कळत नाही.
नसला की म्हणतात, जेवणात काहीतरी कमी होतं का?
आमचा कीबोर्डवाला अरशद तर सांगतो,
"डाव्या हाताला एक बटण आहे बे,
तुझं सगळं त्यात येतं."
शीलाला मी अजून आकडा सांगितलेला नाही.
आमच्याकडे पाणी पाच दिवसांआड येतं,
तिला वरची टाकी हवीय.

येमूल हिशेब मांडत होता. पिकअप बाहेरचे, कस्टम भरून.
किल्ल्या जर्मनीच्या. लाकूड मात्र घरचं:
आज्याचे चार हातमाग, साठ वर्षं घरातच वाळलेलं सागवान.
तीन मागांचे बेस झाले. एक उरलाय.
मी म्हटलं, "म्हणजे मागाचा आवाज यात उतरलाय."
तो हसला नाही.
"मागाचा आवाज तिकडे उतरलाय," म्हणाला,
आणि कोपऱ्यातल्या खाटेकडे बघितलं.

मोगलय्या. हातमाग बंद पडले तसे
यंत्रमागावर गेले, चौतीस वर्षं चादरी.
आता कानात काही शिरत नाही,
मशीन खुंटीला टांगलंय.
पण झालेला प्रत्येक बेस पहिला त्यांच्याकडे जातो.
वरच्या शिंगावर हनुवटी टेकवून डोळे मिटतात,
मुलगा एकेक पडदा दाबत वर जातो.
एकदा सातव्या पडद्यावर त्यांनी बोट उचललं.
तिथे सूर मरत होता.
ती मान दुसऱ्या दिवशी बंबात गेली.
हेही त्या एक पासष्टमध्ये धरलंय,
फक्त बिलावर कसं लिहायचं ते येमूलला सुचत नाही.

"माझा कधी?"
"तुम्ही अकरावे. दोन वर्षं. अडीच धरा."
मी खाटेकडे बघितलं. त्यानेही.
दोघांनी मनात तेच गणित केलं
आणि कुणी उत्तर सांगितलं नाही.
मग मीच म्हटलं, चौथ्या मागाची फळी आहे ना,
ती आत्ताच दाखवू त्यांना.

भिंतीला उभी होती. खिळ्यांची भोकं,
एका कडेला जुन्या खळीचा पांढरा ओघळ.
दोघांनी धरून नेली. म्हाताऱ्याने हनुवटी ठेवली.
येमूलने बोटाच्या पेराने एकदा ठोकलं.
बराच वेळ गेला.
"उंदी," म्हणाले.
तेलुगूत, आहे.
काय आहे, ते विचारायला ओरडावं लागलं असतं.

पाच हजार टोकन दिलं.
अशोक चौकात रिक्षात बसल्यावर आठवलं,
ते टाकीवाल्याचे होते.